रिमोटचं विमान : पहिल्या उड्डाणाआधीच्या शंका

रेडिओ कंट्रोलच्या विमानांबद्दल या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेच प्रश्न सारखेच आहेत: विमान घेतलं, उडवलं आणि पडलं, चुकलं काय? चूक हवेत झाली असं वाटतं. खरं तर ती बहुतेक वेळा उड्डाणाच्या आधी, विमान हातात असतानाच झालेली असते. त्यामुळे खालची बरीचशी उत्तरं जमिनीवरच्या तयारीबद्दल आहेत.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानासारखं दिसणारं मॉडेल हवं आहे. दुकानदार म्हणतो, आधी ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचं विमान, घ्या. ट्रेनर दिसायला अगदीच साधं आहे. मुलाचा हट्ट पुरवावा का?

पुरवा, पण दुसऱ्या विमानाच्या वेळी. लढाऊ विमानाचे पंख खालून जोडलेले आणि टोकांकडे निमुळते होत गेलेले असतात. वेग कमी झाला की अशा पंखाच्या टोकाकडची हवेची पकड आधी सुटते. ती दोन्ही बाजूंना एकदम सुटत नाही, त्यामुळे विमान एका कुशीवर लवंडून खाली येतं. नवशिक्याचा वेग तर वळणात आणि उतरताना कमी होणारच.

ट्रेनरचे पंख धडाच्या वर असतात, टोकांकडे किंचित उचललेले असतात आणि त्यांची रुंदी बुंध्यापासून टोकापर्यंत जवळजवळ सारखी असते. रिमोटची स्टिक (अंगठ्याने हलवायची दांडी) सोडून दिली तर असं विमान हळूहळू आपणहून सरळ होतं. पंखांचा विस्तार 1.2 ते 1.4 मीटर आणि बॅटरीसह वजन साधारण एक किलो असावं. वजन आणि पंखाचं क्षेत्रफळ यांचा हिशेब जरूर करा. 1.4 मीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद पंखाचं क्षेत्रफळ 28 चौरस डेसिमीटर होतं. विमान 1000 ग्रॅमचं असेल तर दर चौरस डेसिमीटरवर सुमारे 36 ग्रॅम भार येतो. शिकण्यासाठी 30 ते 40 हा आकडा चांगला. 60 च्या पुढचं विमान हवेत टिकण्यासाठी जोरात पळवावं लागतं आणि विचार करायला वेळच मिळत नाही.

लहान विमान सोपं असेल ही समजूत मात्र सोडून द्या. 50-60 सेंटिमीटरचं विमान वाऱ्याच्या एका झुळकीने उलटतं आणि थोडं लांब गेलं की त्याचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे, तेच कळत नाही. फोम ईपीओ किंवा ईपीपी जातीचा घ्या. ईपीपी आपटल्यावर वाकतो आणि परत जागेवर येतो, ईपीओ तुटतो पण चांगला चिकटतो. मोटर पंखांच्या मागे असलेलं ग्लायडरसारखं विमानही पहिल्यासाठी छान असतं, कारण नाक आपटलं तरी मोटर आणि प्रॉपेलर वाचतात.

प्रश्न : खोक्यावर आरटीएफ, बीएनएफ, पीएनपी असं लिहिलेलं असतं. मित्राकडे जुना रिमोट आहे, तो चालेल का?

आरटीएफमध्ये रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं येतं. बीएनएफमध्ये रिमोटचे संदेश घेणारा रिसीव्हर बसवलेला असतो, रिमोट तुमचा. पीएनपीमध्ये मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी आणि पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारे सर्व्हो बसवलेले असतात. रिसीव्हर, रिमोट, बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात.

मित्राचा रिमोट 2.4 गिगाहर्ट्झचा आहे एवढ्यावर भागत नाही. त्याच लहरींवर प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा वेगळी असते. रिमोट आणि रिसीव्हरची भाषा एक असेल तरच त्यांची जोडी जमते. विचारायचा प्रश्न ‘किती गिगाहर्ट्झ’ हा नाही, ‘प्रोटोकॉल कोणता’ हा आहे. नवा रिमोट घेणार असाल तर किमान सहा चॅनेल (एकेक चॅनेल म्हणजे वेगळा हलवता येणारा एकेक भाग), अनेक विमानांची माहिती साठवण्याची सोय, ड्युअल रेट (पट्ट्यांची हालचाल कमी-जास्त करायची सोय) आणि एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मऊ करायची सोय) एवढं असलेला घ्या. विमानं मोडतात, बदलतात. रिमोट मात्र वर्षानुवर्षं साथ देतो, म्हणून काटकसर त्याच्यात करू नका.

मोडबद्दलही, म्हणजे कोणत्या हाताला काय असतं त्याबद्दल, दोन शब्द. मोड 2 मध्ये थ्रॉटल (मोटरचा जोर) आणि रडर (शेपटीची उभी पट्टी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी) डाव्या हाताला, एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी, नाक वर-खाली करणारी) आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या पट्ट्या, विमान कुशीवर कलवणाऱ्या) उजव्या हाताला असतात. मोड 1 मध्ये थ्रॉटल आणि एलिव्हेटर यांची अदलाबदल होते. तुम्हाला जो शिकवणार असेल त्याचा मोड तोच तुमचा. हाताला एकदा सवय लागली की मोड बदलणं फार जड जातं.

प्रश्न : विमान हाताने सोडल्याबरोबर नाक वर करून चढतं, क्षणभर थबकतं आणि डावीकडे कलंडून पडतं. तीनदा असंच झालं. बॅटरी नवी आहे, मोटरला जोर आहे. मग बिघाड कुठे?

तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की पहिला संशय गुरुत्वमध्यावरच जातो. विमान शेपटीकडे जड आहे. नाकाकडे जड असलेलं विमान आळशी उडतं, पण उडतं. शेपटीकडे जड असलेलं विमान नाक वर करतं, वेग गमावतं आणि पंखांची पकड सुटून कोसळतं. यालाच स्टॉल म्हणतात.

मोजायची पद्धत अशी. बॅटरी तिच्या जागी बसवा, झाकण लावा, म्हणजे विमान उडताना जसं असेल तसंच तयार करा. सूचनापुस्तिकेत गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून किती मिलिमीटर मागे हवा ते दिलेलं असतं. दिलेलं नसेल आणि पंख सरळ आयताकार असेल, तर रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर धरा. 200 मिलिमीटर रुंद पंखात ती जागा पुढच्या कडेपासून 50 ते 60 मिलिमीटरवर येते. दोन्ही पंखांखाली, धडाजवळ, तिथे पेनने खूण करा. खुणांवर एकेक बोट टेकवून विमान उचला. ते आडवं राहिलं किंवा नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर उडवू नका.

आता दुरुस्ती. समजा विमान 1000 ग्रॅमचं आहे, बॅटरी 180 ग्रॅमची आहे आणि गुरुत्वमध्य 10 मिलिमीटर मागे पडला आहे. 1000 गुणिले 10, भागिले 180, म्हणजे बॅटरी सुमारे 55 मिलिमीटर पुढे सरकवायची. तेवढी जागा नसेल तर नाकाच्या अगदी टोकाला शिशाचा तुकडा चिकटवा. शक्य तितक्या पुढे लावला की कमी वजनात भागतं. बॅटरी वेल्क्रोच्या पट्टीने घट्ट बांधा. नाक वर होताच ती मागे घसरली तर जमिनीवर केलेलं सगळं मोजमाप वाया जातं.

डावीकडेच का कलंडतं, तेही सांगायला हवं. मागून पाहिलं तर प्रॉपेलर बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे लोळवते. वेग असला की एलेरॉन हे सहज सावरतात, पण हातातून सुटताना वेगच नसतो. म्हणून मोटर दोनतीन अंश उजवीकडे वळवून बसवलेली असते. आधीच्या आपटण्यात मोटरची बैठक सरकली असेल तर हा कोन गेलेला असू शकतो, तो वरून पाहून तपासा. मागच्या कडेला डोळा लावून दोन्ही पंख पिळलेले नाहीत ना, हेही बघा.

सोडण्याची रीतही सुधारा. विमान आकाशाकडे भिरकावू नका. तोंड वाऱ्याकडे, थ्रॉटल तीन चतुर्थांश ते पूर्ण, पंख आडवे, आणि भाल्यासारखं समोर सरळ, फार तर पाच-दहा अंश वर. विमान दुसऱ्याला सोडायला सांगा आणि तुमचे दोन्ही अंगठे स्टिकवर ठेवा. मोटर मागे असेल तर मात्र विमान हातातून निघून पुढे गेल्यावरच थ्रॉटल वाढवा, नाहीतर प्रॉपेलर बोटांवर येतो.

प्रश्न : उडवण्याआधी नेमकं काय काय तपासावं? पुस्तिकेतली यादी फार लांबलचक आहे.

पहिल्या दिवशी प्रॉपेलर काढून ठेवा आणि मग बॅटरी जोडा. थ्रॉटल तळाशी, रिमोट आधी चालू, विमान नंतर. बंद करताना उलट, आधी विमान. हा क्रम कधीही मोडू नका.

विमानाच्या मागे, त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहा. एलेरॉनची स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली गेला पाहिजे. एलिव्हेटरची स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर. रडर उजवीकडे दिला की उजवीकडे. एलेरॉन उलटे जोडले गेल्यामुळे पहिल्याच उड्डाणात कितीतरी विमानं मोडतात. पाहताना घाई असते आणि ‘हलतंय ना’ एवढंच बघितलं जातं. हलणं पुरेसं नाही, दिशा बघायची.

स्टिक मध्यावर असताना सगळ्या पट्ट्या पंखाच्या रेषेत हव्यात. नसतील तर रिमोटचं ट्रिम (पट्टीची मधली जागा किंचित सरकवणारं बटण) लगेच वापरू नका. आधी पुशरॉडच्या (सर्व्होपासून पट्टीपर्यंतच्या तारेच्या) टोकाची क्लेव्हिस, म्हणजे आट्यांची पकड, फिरवून जमवा आणि ट्रिम हवेतल्या बारीक सुधारणेसाठी राखून ठेवा. एलेरॉन आणि एलिव्हेटर प्रत्येक बाजूला 10 ते 12 मिलिमीटर हलले तर सुरुवातीला पुरे, रडर 15 ते 20. एक्स्पो 25 ते 30 टक्के ठेवा, म्हणजे मध्याजवळ स्टिक मऊ वागते. काही रिमोटमध्ये त्यासाठी आकडा अधिक लागतो, काहींमध्ये उणे. पडद्यावरची वक्ररेषा मध्याजवळ चपटी झाली की बरोबर.

मग पल्ला. बहुतेक रिमोटमध्ये शक्ती कमी करून पल्ला तपासायची सोय असते. पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर, बहुधा तीसेक पावलांवर, उभं राहून सगळ्या पट्ट्या नीट हलतात का ते कुणाला तरी विमानाजवळ थांबून बघायला सांगा. शेवटी, प्रॉपेलर काढलेला असतानाच मोटर थोडी चालू करा आणि रिमोट बंद करा. मोटर थांबलीच पाहिजे. ती फिरत राहिली तर फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर काय करायचं याची सूचना, चुकीचा साठवला गेला आहे. संपर्क तुटलेलं विमान जोरात पळत कुणाच्या अंगावर जाणं ही या छंदातली सर्वांत भयंकर गोष्ट आहे. ही चाचणी टाळू नका.

प्रश्न : विमान माझ्यापासून लांब जाताना नीट उडवता येतं. माझ्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि मी घाबरतो. सिम्युलेटरने फरक पडेल का?

पडेल, आणि याच गोष्टीत सर्वांत जास्त. विमान तुमच्याकडे येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसतो त्याच बाजूला स्टिक ढकला, जणू त्या पंखाला खालून टेकू देताय. हिशेब करत बसायची गरज नाही.

सिम्युलेटरमध्ये वैमानिकाच्या आसनावरून दिसणारं दृश्य वापरू नका, मैदानावर उभ्या माणसाचं दृश्य घ्या. तुमचाच रिमोट तारेने संगणकाला जोडता आला तर उत्तम. कसरतींच्या नादी न लागता समोर आडवा, सारख्या उंचीवर आठचा आकडा काढत राहा, दोन्ही दिशांनी. रोज वीस मिनिटं, सलग दोन आठवडे. एका दिवशी तीन तास बसण्यापेक्षा याने हात लवकर तयार होतो. ओळीने दहा वेळा विमान न मोडता धावपट्टीवर उतरलं की मैदानात जा.

मैदानात वळण छोटंच घ्या: थोडा एलेरॉन देऊन विमान 20-30 अंश कलतं करा, एलेरॉन मध्यावर आणा आणि एलिव्हेटर किंचित ओढून धरा. एलिव्हेटर न देता नुसतं कलतं केलं तर विमान वळता वळता खाली येतं.

प्रश्न : बॅटरी 3 सेल, 2200 एमएएच. दोन महिन्यांत फुगली. चार्जर चांगला आहे. किती मिनिटं उडवावं?

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी तीन कारणांनी फुगते: फार खाली उतरवणं, तापवणं, आणि पूर्ण भरून ठेवून देणं. तिसरं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो, आणि तशी बॅटरी आठवडेच्या आठवडे पडून राहिली की आतून खराब होते. दोनतीन दिवसांत उडवणार नसाल तर चार्जरच्या ‘स्टोरेज’ सोयीने प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास आणून ठेवा.

वेळेचा हिशेब सोपा आहे. 2200 एमएएच म्हणजे 2.2 अँपिअर-तास. त्यातले 80 टक्केच वापरायचे, म्हणजे 1.76. मोटर सरासरी 12 अँपिअर ओढत असेल तर 1.76 भागिले 12, गुणिले 60, म्हणजे जेमतेम पावणेनऊ मिनिटं. रिमोटचा गजर सहा मिनिटांवर लावा. उतरायला दोनतीन प्रयत्न लागतील, तेवढा वेळ हातात हवा. उतरल्यावर काही मिनिटांनी प्रत्येक सेल मोजा, 3.7 व्होल्टच्या वर असेल तर वेळ बरोबर बसली. नसेल तर गजर एक मिनिट अलीकडे आणा.

चार्जिंग 1 सी वर, म्हणजे बॅटरीच्या अँपिअर-तासांइतक्याच अँपिअरवर करा, तुमच्या बॅटरीला 2.2 अँपिअर, आणि सगळे सेल सारखे भरणारी बॅलन्सची छोटी तार नेहमी जोडलेली ठेवा. उड्डाणानंतर गरम बॅटरी लगेच लावू नका. फरशीवर किंवा न जळणाऱ्या पृष्ठभागावर, डोळ्यांसमोर चार्ज करा, रात्री झोपताना कधीच नाही. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, पुन्हा चार्ज करू नका. ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका.

हवेत असताना मोटर अचानक थांबली तर घाबरू नका. बॅटरी उतरली की ईएससी मोटर तोडतो, पण सर्व्होंना वीज देत राहतो. विमान अजून तुमच्या ताब्यात असतं. नाक थोडं खाली ठेवा, वेग टिकवा आणि तरंगत उतरवा.

प्रश्न : जोर वाढावा म्हणून 9×6 च्या जागी 10×7 प्रॉपेलर लावला. ईएससी जळला. एवढ्याशा फरकाने?

फरक एवढासा नाही. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच (एका फेऱ्यात प्रॉपेलर किती पुढे सरकू शकतो ते अंतर), दोन्ही इंचात. फेरे तेवढेच राहिले तर भार व्यासाच्या चौथ्या घाताने आणि पिचच्या प्रमाणात वाढतो. 10 भागिले 9 चा चौथा घात 1.52, त्याला 7 भागिले 6 ने गुणा, म्हणजे जवळजवळ 1.8 पट. आधी 18 अँपिअर ओढणारी मोटर 32 कडे जाऊ पाहते. फेरे थोडे घटतात म्हणून प्रत्यक्ष आकडा जरा कमी येतो, तरीही 20 किंवा 25 अँपिअरचा ईएससी त्यात टिकत नाही. प्रॉपेलर बदलला की विमान घट्ट धरून वॉटमीटरवर पूर्ण थ्रॉटलचा आकडा बघा, आणि तो ईएससीच्या मर्यादेच्या 80 टक्क्यांच्या आत ठेवा. ट्रेनरला दर किलोमागे 150 ते 200 वॉट भरपूर होतात.

जोर कमी वाटत असेल तर आधी प्रॉपेलर उलटा बसलेला नाही ना ते बघा. आकडे छापलेली बाजू विमान ज्या दिशेला उडतं तिकडे हवी, मोटर मागे असली तरीही. कड चिरलेला प्रॉपेलर चिकटवू नका, फेकून द्या.

प्रश्न : जायरो (विमान आपोआप सावरणारं छोटं यंत्र) लावला तर शिकणं सोपं होतं का?

वाऱ्यात नक्कीच होतं. पण विमान मैदानात न्यायच्या आधी जायरोची दिशा तपासा. जायरो चालू ठेवून हाताने उजवा पंख खाली झुकवा: उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे, म्हणजे तो पंख उचलू पाहतोय. नाक खाली केलं तर एलिव्हेटर वर. उलट होत असेल तर जायरो विमान सावरण्याऐवजी पाडेल. जायरो बंद करूनही अधूनमधून उंचावर उडवत जा, नाहीतर हाताला विमानाचा खरा स्वभाव कळतच नाही.

प्रश्न : उतरवताना विमान शेवटच्या दहा फुटांत धप्पकन पडतं. मी तर नाक वर ओढत असतो.

नाक वर ओढत असता म्हणूनच पडतं. लांबी कमी पडतेय असं वाटलं की हात आपोआप एलिव्हेटर ओढतो, वेग जातो आणि स्टॉल होतो. उतरताना एलिव्हेटरने वेग सांभाळा आणि थ्रॉटलने उंची. विमान धावपट्टीच्या अलीकडेच उतरेल असं दिसलं तर थ्रॉटल थोडा वाढवा, नाक तसंच राहू द्या. जमिनीपासून अर्धा मीटर राहिला की थ्रॉटल बंद करा आणि एलिव्हेटर हलकेच ओढत जा, विमान स्वतः टेकेल. शेवटचं वळण उंचावरच पूर्ण करा. खाली आल्यावर घट्ट वळण घेतलं तर पंख लवंडतो आणि सावरायला उंची उरत नाही.

सरावासाठी 40-50 मीटर उंचीवर थ्रॉटल बंद करून एलिव्हेटर सावकाश ओढा आणि विमान स्टॉल होण्याआधी कसं ढिलं पडतं ते नीट बघा. मग स्टिक पुढे, वेग, थ्रॉटल. असं दहा वेळा केलंत की ती ढिलाई जमिनीजवळही ओळखता येईल.

प्रश्न : जागा आणि हवा कशी असावी?

मोकळं मैदान, लांबी 150 मीटर तरी. जवळ विजेच्या तारा, रस्ता, माणसं, जनावरं नकोत. सूर्य पाठीशी आणि वारा तोंडावर. सकाळची पहिली वेळ सर्वांत शांत असते. गवताची पाती नुसती हलत असतील तर उडवा, झाडांच्या छोट्या फांद्या डोलत असतील तर पहिलं उड्डाण पुढे ढकला. जागेच्या मालकाची परवानगी घ्या आणि तुमच्या देशातले नियम वाचा. अनेक देशांत 250 ग्रॅमच्या वरच्या विमानासाठी नोंदणी लागते आणि उंचीची मर्यादा 120 मीटर असते. विमानतळाच्या आसपास तर जाऊच नका.

प्रश्न : नाक तुटलं आहे. कोणता गोंद?

ईपीओ आणि ईपीपीला घट्ट सुपरग्लू किंवा पाच मिनिटांचं इपॉक्सी. पांढऱ्या थर्माकोलला साधा सुपरग्लू लावू नका, तो फोम विरघळवतो. त्याला इपॉक्सी किंवा फोमसाठीचा खास गोंद वापरा. ईपीओ नुसता चेपला असेल तर त्यावर कढत पाणी ओता, दाणे फुगून बराचसा आकार परत येतो. तुकडे चिकटवण्याआधी कोरडेच जुळवून पाहा आणि मोटरचा कोन आधीसारखा येतोय ना ते बघा. इपॉक्सी मोजकंच लावा, ते जड असतं. सुकल्यावर विमान पुन्हा दोन बोटांवर उचलून गुरुत्वमध्य मोजा, मगच प्रॉपेलर बसवा.